मोठ्ठा वाजतो हो, पण हळू वाजतो का?

ब्लूटूथ स्पीकर घ्यायच्या आधी चिक्कार परीक्षणं वाचली. दणका केवढा, बेस छातीत वाजतो का, गच्चीवरच्या पार्टीला पुरेल का, स्विमिंग पूलमध्ये पडला तर काय. आवाज नीट कमी करता येतो का, हे मात्र एकानंही लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय. ज्यांना पार्टी करायची आहे त्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल. तुमच्यासाठी स्पीकर उत्तम आहे.

मी मिरजेत गाण्याचा वर्ग घेते. पहाटे माझा रियाज, संध्याकाळी शाळेतली मुलं, शनिवार-रविवारी नोकरी सांभाळून शिकणारी मोठी माणसं. स्पीकरवर दोनच गोष्टी वाजतात: तानपुरा आणि तबल्याचा ठेका. मिरजेत राहून ब्लूटूथवर तानपुरा लावते म्हटल्यावर सतारमेकर गल्लीतले ओळखीचे लोक तोंडावर हसतात. हसू देत, त्यांचा हक्कच आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्यांच्याच हातांमुळे. माझ्या घरातही एक खरा तानपुरा आहे, आणि तो लावला की खोलीचा रंग बदलतो हे मला कुणी सांगायला नको. पण वर्गात माझे दोन्ही हात पेटीवर असतात, पोरांची बोटं अजून तारेवर बसलेली नाहीत, आणि पावसाळ्यात दर थोड्या वेळानं खुंट्या, मणी, तारेला झणकार देणारा जवारीचा दोरा बघत बसले तर शिकवणार कधी? त्यामुळे फोनमधला तानपुरा आणि समोर स्पीकर, ही तडजोड केली आहे.

वस्तू अशी: वीतभर लांब दंडगोल, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, वरून जाळीदार कापड, दोन्ही टोकांना थरथरणारे रबरी पडदे, म्हणजे पॅसिव्ह रेडिएटर. चार्जिंग टाइप-सी. आयपीएक्स 7, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी काही होऊ नये. (माझ्याकडे जास्तीत जास्त चहा सांडेल.) किंमत चार हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच साचा आणि हीच बटणं दुसऱ्या नावानं, दुसऱ्या रंगात मी त्याच दुकानाच्या पलीकडच्या कपाटात पाहिली. तुम्ही घ्याल त्याच्यावर कुठलंही नाव असेल. बघायचंय ते बटणांकडे.

सांगलीच्या दुकानात पोरानं स्पीकर हातात दिला तोच वाजता. कुठलंसं रिमिक्स, फुल्ल आवाजात, शोकेसच्या काचा थरथरतायत. म्हटलं, जरा हळू करा.

"मॅडम, आवाज बघा की ओ, कमी करून काय कळणार?"

"मला कमीचाच बघायचाय."

त्यानं दोन-चारदा वजा दाबलं आणि थांबला. म्हटलं, अजून. मग अजून. शेवटी पूर्ण बंद करायला लावला आणि तिथून अधिकचं बटण एकदाच दाबायला सांगितलं. तोपर्यंत मालकही काउंटरवरून उठून आला होता. माझ्या फोनवरचा ठेका लावला, पुन्हा एकदा अधिक, पुन्हा एकदा. पोराच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की बाईंना स्पीकर घ्यायचा नाहीये, वेळ काढायचाय. पण बघायचं असतं ते एवढंच. शून्य ते तीन, या तीन पायऱ्या. मधल्या पायऱ्या कुठल्याही स्पीकरच्या चांगल्याच असतात.

ह्याच्या खालच्या पायऱ्या कशा आहेत? खडबडीत. शून्यावरून एकावर आलं की ठेका जेमतेम कुजबुजतो, इतका की पंखा लावला तर गेला. दोनवर येताच तो खोलीत येऊन बसतो. मला हवा असतो तो आवाज नेमका या दोन्हींच्या मधला, आणि मध्ये पायरीच नाही. गॅस बारीक करायला जावं तर विझतो आणि पुन्हा लावला की भडका उडतो, तशातली गत. फोनवरच्या डेसिबल मोजायच्या अ‍ॅपनं एकाच जागेवरून बघितलं. ही अ‍ॅपं अचूक नसतात, पण दोन आकड्यांमधला फरक बऱ्यापैकी सांगतात. खालच्या पायऱ्यांवर आकडा 6-7 डेसिबलनी उडी मारतो, वरच्या पायऱ्यांवर दीड-दोननी सरकतो. हे उलटं हवं होतं. साधारण 10 डेसिबल वाढले की माणसाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे एका दाबात आवाज जवळजवळ दीडपट. पार्टीत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. "हळू 'सा' लावा" म्हणून डोळे मिटून बसलेल्या मुलाच्या मात्र अंगावर येतं.

आता यात सगळा दोष स्पीकरचा नाही, निम्मा फोनचा आहे, आणि हे समजून घेतलं की बरंच काही हातात येतं.

ब्लूटूथमध्ये आवाज पाठवण्याची वाट वेगळी आणि "आवाज एवढा ठेव" हा निरोप पाठवण्याची वाट वेगळी. निरोपाच्या वाटेचं नाव एव्हीआरसीपी, मूळचं रिमोट कंट्रोलचं काम. त्याच्या 1.4 या आवृत्तीपासून अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम नावाची सोय आली: फोन 0 ते 127 यांतला एक आकडा पाठवतो आणि स्पीकर त्याप्रमाणे स्वतःचा आवाज ठेवतो. मग फोनवरची पट्टी सरकवली काय आणि स्पीकरचं बटण दाबलं काय, दोन्ही एकच. आयफोनवर हे असंच चालतं, अँड्रॉइडमध्ये ते 6.0 पासून, म्हणजे 2015 पासून आलं. ऐकायला छान आहे. 128 आकडे म्हणजे किती बारीक बारीक पायऱ्या! पण आयफोनची बटणं मुळात 16 पायऱ्यांची, कित्येक अँड्रॉइड फोनवर गाण्यांसाठी 15. तेवढ्याच उड्या मारत तो 0 ते 127 जातो, आणि पलीकडे स्पीकर त्या आकड्याचं आपल्याकडच्या पायऱ्यांत रूपांतर करतो. दोन्हीकडच्या पायऱ्या जुळल्या नाहीत की फोनवर पट्टी सरकलेली दिसते आणि कानाला काहीच फरक नाही, किंवा दोन पायऱ्यांचा फरक एकदम. माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन जोडला की हाच स्पीकर जरा शहाण्यासारखा वागतो. माझ्या फोनला जोडला की हट्टी.

यावर उपाय आहे, आणि परीक्षणाचा सगळ्यात कामाचा भाग हाच. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "अबाउट फोन"मध्ये जायचं, तिथे "बिल्ड नंबर" या ओळीवर सात वेळा बोट टेकवायचं. डेव्हलपर झालात असं फोन सांगतो. घाबरू नका, नोकरी बदलत नाही. मग "डेव्हलपर ऑप्शन्स" उघडून त्यात "डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम" चालू करायचं आणि स्पीकर एकदा तोडून पुन्हा जोडायचा. बाकीच्या कशालाही हात लावू नका, तिथे बऱ्याच भानगडी असतात. हे केलं की फोनचा आवाज आणि स्पीकरचा आवाज सुटे होतात. दोन वेगळे नळ. स्पीकर बटणानं खालच्या कुठल्यातरी पायरीवर ठेवायचा आणि बारीक फरक फोनवरून करायचा. ज्या मधल्या आवाजासाठी मी हैराण होते तो असा सापडला.

फोन मात्र फार खाली नेऊ नये, अर्ध्याच्या वरच ठेवावा. फोन अगदी तळाला नेऊन स्पीकर चढवला की दोन गोष्टी होतात. एक, स्पीकरच्या अँप्लिफायरची स्वतःची "सूं" असते ती तानपुऱ्याच्या मागे ऐकू यायला लागते. आणि दुसरी जास्त त्रासाची: तारेची आस तुटते. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, तार छेडल्यावर ती हळूहळू विरत जाते, त्या विरण्यातच तर पुढची तार मिसळायची असते. सिग्नल अगदी क्षीण झाला की काही स्पीकर त्याला शांतता समजून कापून टाकतात, आणि हा त्यातलाच आहे. घुंऽऽ च्या जागी घुं, पोकळी, घुं, पोकळी. तानपुऱ्याचं घड्याळ झालं.

तिसरा नळ अ‍ॅपमध्येच असतो. तानपुरा-तबल्याच्या बहुतेक चांगल्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी असते, आणि ती बोटानं सरकते, पायऱ्यांनी उड्या मारत नाही. ज्यांना डेव्हलपर वगैरे प्रकरणात पडायचं नाही त्यांनी ही पट्टी वापरा. माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांपैकी एक निवृत्त बँकवाले काका आहेत, त्यांना मी एवढंच दाखवलं आणि ते खूश आहेत.

आता बटणांबद्दल. वर रबराची पाच बटणं: चालू-बंद, ब्लूटूथ, वजा, मध्ये थांबा-चला, अधिक. वजा-अधिकच्या खुणा उठावदार आहेत, अंधारात बोटांना सापडतात. हे खरंच चांगलं केलंय, कारण पहाटे मी दिवा न लावता बसते. दाबायला मात्र कडक आहेत. जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की बोट जरा जास्त रेंगाळतं, आणि इथे घात होतो. अधिक दाबून धरलं की पुढचं गाणं, वजा दाबून धरलं की मागचं. या किमतीच्या स्पीकरांत ही पद्धत बरीच दिसते. ज्याला रांगेनं गाणी ऐकायची आहेत त्याची सोय होत असेल. माझ्या फोनवर वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या, म्हणजे वेगवेगळ्या 'सा'च्या, तानपुऱ्याच्या लांब फायली एकाखाली एक आहेत. काळी चारमध्ये (पेटीवरची चौथी काळी पट्टी हा 'सा') मुली भूप राग गातायत, मी आवाज जरा कमी करायला वजा दाबलं, बोट रेंगाळलं, आणि तानपुरा धाडकन काळी एकमध्ये. मुलींनी बिचाऱ्यांनी इमानदारीत 'सा' बदलायचा प्रयत्न केला. त्यातली एक खाली उतरली, एक वर गेली. आता प्रत्येक पट्टीची फाईल वेगळ्या यादीत एकटी ठेवली आहे आणि ती पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी लावली आहे. मागे-पुढे जायला जागाच नाही.

आणि ती बाई. चालू करताच "पॉवर ऑन", जोडला की "कनेक्टेड", बॅटरी उतरली की तेही. इंग्रजीत, ठणठणीत आवाजात. स्पीकरचा आवाज तुम्ही कितीही खाली ठेवलेला असो, बाईंचा आवाज ठरलेला. पहाटे पाचला सगळी गल्ली झोपलेली असताना ही घोषणा ऐकून बघा. काही कंपन्या आपल्या अ‍ॅपमधून हिला गप्प करायची सोय देतात, या स्पीकरला अ‍ॅपच नाही. मी चालू करताना त्याला उशीखाली धरते. चार हजारांची वस्तू आणि रोज सकाळी तिचं तोंड दाबायचं!

फोन आला तर आणखी एक. बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज फोन वेगवेगळे धरतो. तानपुरा तुम्ही अगदी मुलायम लावलेला असला तरी रिंग स्पीकरमधून वाजते ती तिच्या आवाजात. वर्गात फोन "डू नॉट डिस्टर्ब"वर टाकते, तेवढं पुरतं.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी मी या कमी आवाजाच्या मागे एवढी लागले आहे.

माणसाचा कान हळू आवाजात सगळे स्वर सारखे ऐकत नाही. फ्लेचर आणि मनसन या दोघा शास्त्रज्ञांनी 1933 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हे मोजून मांडलं: आवाज कमी केला की खर्जाकडचे स्वर कानाला मधल्या स्वरांपेक्षा कितीतरी जास्त फिके वाटतात. त्यात स्पीकर एवढासा, खालचे स्वर त्याला मुळातच कष्टाचे. दोन्ही मिळून होतं काय, की तबला ऐकू येतो आणि डग्गा, म्हणजे जोडीतला डाव्या हाताचा घुमणारा, नाहीसा होतो.

तीनताल घ्या. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. भरी (टाळीचा भाग) आणि खाली (टाळी न देता मोकळा सोडलेला भाग) यांतला फरक कळतो कशानं? डग्ग्यानं. खालीत डग्ग्याची गुंज थांबते, म्हणून तर ती मोकळी वाटते. नववी मात्रा टाळी न देता हातानं दाखवायची, हे मुलाला मी तोंडानं शंभरदा सांगते, पण ते अंगात भिनतं ते डग्गा गायब होतोय हे कानानं पकडल्यावर. स्पीकर दुसऱ्या पायरीच्या खाली नेला की डग्गा सगळ्याच आवर्तनात गायब. धा आणि ता एकच. सोळाच्या सोळा मात्रा खाली! मग पोरगं बोटं मोजत बसतं आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अंदाजानं येतं. मी सुरुवातीला पोरांवरच डाफरत होते की लक्ष कुठाय. नंतर एकदा स्पीकरला कान लावून बसले तेव्हा कळलं की तिथे लक्ष द्यायला काही नव्हतंच.

त्यामुळे माझ्यासाठी स्पीकरची परीक्षा एवढीच: किती खालच्या आवाजापर्यंत खाली आणि भरी वेगळ्या ऐकू येतात? हा स्पीकर तिसऱ्या पायरीपर्यंत उत्तम, दुसरीवर काठावर पास, पहिलीवर नापास. फोनच्या इक्वलायझरमध्ये खालचा भाग थोडा उचलला की दुसरीवरही चांगला पास होतो. आणि भिंतीच्या जवळ ठेवला की आणखी भरतो, कोपऱ्यात तर फारच. कोपरा खालच्या स्वरांना आयताच जोर देतो. टोकावर उभा मात्र करू नका. खालचा रबरी पडदा दाबला जातो आणि होता तेवढाही डग्गा जातो. खोक्यावरच्या चित्रात त्यांनी तो उभा दाखवलाय, दिसायला ऐटबाज दिसतो, तेवढंच.

तानपुऱ्याचं गणित जरा बरं आहे. मुलींची काळी चार, म्हणजे जोडीच्या तारा (मधल्या 'सा'च्या दोन) 208 हर्ट्झच्या आसपास आणि खर्ज त्याच्या निम्मा, 104. एवढं हा स्पीकर हळू आवाजातही काढतो. चांगल्या लागलेल्या तानपुऱ्यात खर्जातून आपोआप गांधार उमटतो, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तो खर्जाचा पाचवा अंश, म्हणजे त्याच्या पाचपट कंपनांचा स्वर, 519 हर्ट्झच्या जवळ. तो तर या स्पीकरच्या अगदी हक्काच्या टापूत येतो, आणि येतोही सुरेख. पुरुषांच्या काळी एकला खर्ज 69 हर्ट्झवर जातो. तो या डबीतून निघणं शक्य नाही, आणि निघत नाहीच. तरी ऐकणाऱ्याला खर्ज आहे असं वाटतं, कारण वरचे अंश नीट आले की कान खालचा स्वर स्वतः भरून काढतो. मात्र आवाज फार कमी केला की हे भरून काढणंही कानाला जमत नाही, आणि बँकवाल्या काकांचा 'सा' हमखास चढायला लागतो.

आवाज पूर्ण वाढवला की काय होतं तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाईंनी निम्माच स्पीकर तपासला. गुरुपौर्णिमेला हॉलमध्ये मुलांच्या गाण्याआधी थोडा वेळ फुल्ल लावला होता. आवाज भरपूर आहे, पन्नासेक माणसांच्या खोलीला पुरतो. पण शेवटच्या तीन-चार पायऱ्यांत आवाज फारसा वाढत नाही, फक्त रंग बदलतो. छोट्या स्पीकरमधला प्रोसेसर मोठ्या आवाजात खालचे स्वर मुद्दाम आवरतो, नाहीतर पडदा फाटेल. त्यामुळे खर्ज पातळ होतो आणि जवारी पत्र्यासारखी कर्कश लागते. तीन चतुर्थांशच्या पुढे नेऊच नये. बॅटरीही तिथे भराभर उतरते. खोक्यावरचे 12 तास मध्यम आवाजाचे असतात, हे त्याच खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. माझ्या आवाजाला मात्र बॅटरी संपता संपत नाही. हळू वाजवणाऱ्याला या दुनियेत एवढा एकच फायदा.

शेजारचे आजोबा, ज्यांची आणि माझी भिंत एकच आहे, ते एकदा म्हणाले, "ताई, तुमचं गाणं नाही येत ओ ऐकू, पण ते घुं घुं येतं बघा, पहाटे." बरोबरच आहे. गळा भिंतीत अडतो, खर्ज भिंतीतून जातो. मी स्पीकर त्याच भिंतीलगतच्या लाकडी टेबलावर ठेवत होते, भिंतीमुळे डग्गा भरतो म्हणून. आता तो खोलीच्या दुसऱ्या बाजूला, स्टुलावर, खाली चार घड्या घातलेली सतरंजी. आजोबांची तक्रार गेली. तसंही 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात 45 डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा 55 ची. पहाटे पाच ही कायद्यानं रात्रच. 45 म्हणजे फार नाही हो. हळू बोलणंसुद्धा त्याच्या जवळपास जातं.

आवाज कमी ठेवायचा सगळ्यात सोपा मार्ग तर बटणात नाहीच. स्पीकर जवळ घ्या. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलनी वाढतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी, पण वाढतो. मैफलीत तानपुरेवाले गवयाच्या मागेच बसतात. तसाच मी स्पीकर पाठीमागे, दोन-अडीच हातांवर ठेवते. समोरच्या टेबलावरून चौथ्या पायरीवर जो 'सा' कानात भरायचा तो इथून दुसऱ्यावर भरतो, आणि स्वतःचा गळा समोर मोकळा राहतो. मुलांनाही अर्धवर्तुळात बसवून मध्ये ठेवते. घरी रियाज करताना पोरं फोन गादीवर टाकतात आणि स्पीकर कपाटावर. मग आई ओरडते आवाज कमी कर म्हणून. कपाटावरून खाली घ्या आधी.

आमच्या पिढीतल्या लोकांना आठवेल, बंगळुरूच्या रेडेलचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा. त्याला आवाजासाठी गोल फिरवायचं बटण आहे. पायऱ्या नाहीत, दाबून धरणं नाही, "पॉवर ऑन" म्हणणारी बाई नाही. चिमटीत धरून केसभर फिरवा, केसभर बदलतो. माझ्याकडे आहे अजून. त्याचा सूर फोनमधल्या ध्वनिमुद्रित तानपुऱ्याएवढा गोड नाही, म्हणून तो आता माळ्यावर आहे, पण आवाज कमी-जास्त करायच्या बाबतीत या नव्या दंडगोलानं त्याचे पाय धरावेत. एवढं गोल बटण द्यायला कंपन्यांना काय जड जातं? पाणी आत जाईल म्हणून असेल. पण पाण्यात जाणारे किती आणि खोलीत बसणारे किती.

तर, घ्यावा का? भजनी मंडळाला, सहलीला, घरकाम करताना गाणी ऐकायला बेलाशक घ्या. गाण्या-वाजवण्याच्या रियाजासाठी घेणार असाल आणि फोन अँड्रॉइड असेल, तर वर सांगितलेलं सेटिंग करायची तयारी असेल तरच घ्या. ते केल्यावर माझी तक्रार अर्ध्यावर आली. पहाटे ध्यानाला हळू ओंकार लावणाऱ्यांनी, आणि लहान बाळ झोपवायला अंगाई लावणाऱ्यांनी दुसरा बघा. बाळ झोपलं की तुम्ही आवाज कमी करायला जाल, बोट रेंगाळेल, आणि यादीतलं मागचं गाणं लागेल. दोन स्पीकर एकत्र जोडायची सोय आहे म्हणतात. माझ्याकडे एकच आहे.

रविवारच्या वर्गासाठी मला आणखी एक घ्यायचाय. गोल फिरणारं बटण असलेला, चालू होताना न बोलणारा, पाच हजारांच्या आतला कुणाच्या पाहण्यात असेल तर खाली कळवा. रंगीत दिवे लागणारा नको. आणि सांगलीच्या त्या दुकानात मी आता जाऊ शकत नाही, मालकानं मागच्या वेळी बाहेर पडताना विचारलं होतं, "मॅडम, अजून काही बंद करून दाखवू का?"